द्वारकाबाईंचे दोरे

पुस्तक उघडण्याआधी निष्ठाने पांढरे हातमोजे चढवले, तेव्हा उजागरे सरांना हसू आवरेना.

"अगं, हे पुस्तक तुझ्या आजीनं बैलगाडीतून नेलंय, चिखलातून नेलंय. तुझ्या हातांनी त्याचं काय वाकडं होणार आहे?"

"माझ्या हातांचं तेल लागेल ना, मामा. मला आजीच्या हातांचं हवंय."

सरांना वाटलं, ही थट्टाच करतेय. पण निष्ठा थट्टा करत नव्हती. पुण्याच्या ज्या कंपनीत ती कामाला होती, तिथून ती एवढ्यासाठीच सोनटेकडीला आली होती. एका पेटीत प्रकाशयंत्र, दुसऱ्या पेटीत संगणक, आणि समोर टेबलावर तिच्या आजीचं, म्हणजे सरांच्या आईचं, पवित्र शास्त्र. पुस्तकाच्या पानांतून अकरा रंगीत दोरे बाहेर लोंबत होते. लुगड्यांच्या काठांचे दोरे होते ते, आणि सरांना त्यातलं एकेक लुगडं आठवत होतं.

शांतवन लाजरस उजागरे. वय सत्तर. छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले, विधुर, आणि प्रवरेकाठच्या या गावात अजूनही कुणाचा अर्ज लिहायचा असला की ज्यांच्या दाराशी माणसं येतात असे. त्यांची आई द्वारकाबाई बायबलबाई होती. आता ही जात संपली, म्हणून सांगावं लागतं. शास्त्र काखोटीला मारून ही बाई वाड्यावस्त्यांवर पायी हिंडायची. कुणाकडे बाळंतपण, कुणाकडे मयत, कुणाकडे सासवासुनांचा तंटा. ती ओसरीवर बसायची, पुस्तक मांडीवर घ्यायची, त्या प्रसंगाचा दोरा धरून पान उघडायची आणि म्हणायची, "डोळे मिटा, मग वाचते." सगळे डोळे मिटायचे. मग तिचा तो खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा आवाज सुरू व्हायचा. बत्तीस वर्षं तिने हे केलं. या डिसेंबरात तिला जाऊन तीस वर्षं होणार होती, आणि चर्चची मंडळी नव्या सभागृहाला तिचं नाव देणार होती. जेवढी वाचणारी माणसं गावात होती, त्यांत द्वारकाबाईंचं नाव पहिलं, असं पाळकसाहेबच म्हणायचे.

"आता नीट सांग, ह्याचं तू करणार काय?" सरांनी विचारलं.

निष्ठाने सांगितलं ते असं. शास्त्रात शोध घेणारी संगणकाची साधनं जुनीच होती. पहिली पिढी शब्द शोधायची. 'दुःख' लिहिलं की जिथे जिथे तो शब्द आहे ती वचनं समोर. दुसऱ्या पिढीला अर्थ कळू लागला. शब्द नसला तरी भाव जुळला की वचन सापडायचं. पण दोन्हींत एक खोट होती. 'दुःख' म्हटलं की चारशे वचनं यायची. कोवळ्या विधवेला त्यातलं कुठलं द्यायचं आणि चिडलेल्या बापाला कुठलं, हे यंत्राला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असतं ते आयुष्यभर माणसांत बसलेल्या माणसाला.

"आणि तसं माणूस पुस्तकावर स्वतःची वाट सोडून जातं," निष्ठा म्हणाली. "बोट टेकलं की कागदात त्वचेचं तेल मुरतं, घामाचं मीठ उतरतं. डोळ्यांना दिसत नाही. पण वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात फोटो काढले तर दिसतं. तेल जुनं होतं तसं त्याचं रसायन बदलतं, त्यामुळे स्पर्श कोणत्या दशकातला तेही कळतं. आजी कुठे थांबली, कुठे परत परत आली, कुठे रडली. कुठला दोरा कुठल्या प्रसंगाचा, हे तर गावाला ठाऊक आहेच. ते सगळं यंत्राला शिकवायचं. मग कुणी आपलं दुःख सांगितलं की आजीनं जे वचन काढलं असतं तेच यंत्र काढील."

"आणि वाचणार कोण?"

"आजीच. जुन्या पाळकांनी प्रार्थनासभांच्या बारा कॅसेटी भरून ठेवल्यात ना? त्यातून आवाज तयार होतो."

सरांनी संमतीपत्रावर सही केली. तीस वर्षांत त्यांना सगळं आठवायचं, आवाज मात्र आठवेनासा झाला होता.

नाताळाला अडीच महिने असताना 'वाट' तयार झाली. हेच नाव निष्ठाने दिलं होतं. एक काळा डबा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ठेवला, एक सरांच्या घरी आला. निष्ठा पुण्याला परतल्यावर सर त्याच्यासमोर बसले. शेवटी म्हणाले, "आई, गुडघे फार दुखतात गं आताशा. माणूस आजारी पडला की घरात कुणी नसतं."

डबा जरासा खरखरला. मग म्हणाला, "डोळे मिटा, मग वाचते."

सरांनी डोळे मिटले आणि ते ढसाढसा रडले. तोच आवाज. वाक्याच्या शेवटी घेतलेला तोच जरासा दम. ते सात वर्षांचे झाले, शाळेतून घरी आले, दप्तर कोपऱ्यात फेकलं. आई परातीत भाकरीचं पीठ मळतेय. बाहेर पोरं लगोरीची दगडं जमवतायत. आणि आई म्हणतेय, "शांतू, आधी शास्त्र वाच. माझे हात पिठाचे आहेत." रोज. शाळेतून आलं की आधी एक अध्याय, मोठ्यानं, मग खेळ. तेव्हा त्याचा किती राग यायचा.

आवाज थांबल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आईने वाचलं काय ते आपण ऐकलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. डब्याने पुन्हा वाचलं. दावीद राजाच्या उंटांवर कोणता अधिकारी होता, गाढवांवर कोण आणि शेरडामेंढरांवर कोण, याची ती यादी होती.

सरांनी कपाळावर आठ्या घातल्या. मग स्वतःचीच समजूत घातली. आईचं काहीतरी कारण असणार. आई उगाच काही काढत नसे.

त्यांच्यासारखीच समजूत साऱ्या मंडळीने घातली. आजाऱ्यांना उंटांची यादी निघायची. मयताच्या घरी बंदिवासातून परत आलेल्या कुळांची नावं आणि आकडे निघायचे. कुणी हसलं नाही. आवाज द्वारकाबाईंचा, म्हटल्यावर हसणार कोण? उलट रेव्हरंड एलिया दुशिंगांनी एका रविवारी पाऊण तास उंटच हाकले. राजाच्या घरचा उंटसुद्धा ज्याच्या यादीतून सुटत नाही, तो आपल्याला विसरेल काय, असा त्यांचा मुद्दा. उपदेश चांगला झाला, असं सगळ्यांचं मत पडलं. सरांनाही तो आवडला, आणि मनातली शंका त्यांनी मनातच ठेवली.

ती बाहेर आली रोहिणी कसोटेमुळे.

रोहिणीचा नवरा प्रकाश मे महिन्यात विहिरीच्या कामावर गेला तो परत आला नाही. वय पस्तीस. घर त्याने स्वतः बांधलेलं, एकेक दगड नदीवरून आणून. रोहिणी देवळातल्या डब्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाई, घर खायला उठतं. काय करू?" दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई काठी टेकत सरांच्या दारात आली. कौसाबाई नव्वदीची, द्वारकाबाईंची मैत्रीण, आणि गावात सरांना 'अरेतुरे' करणारी ती एकटीच उरली होती.

"शांतवन, आधी चल. ती रोहिणी येडी झालीय. पहार घिऊन भित फोडायलीय."

सर पोचले तेव्हा मागची भिंत अर्धी उतरली होती. रोहिणी घामाघूम झाली होती. अंगणात दगडांचा ढीग, आणि घमेल्यात भरून ती ते गावाबाहेर नेऊन टाकत होती.

"रोहिणी, हे काय चालवलंयस?"

"बाईंनी सांगितलंय, सर." तिचा आवाज शांत होता, त्याचीच सरांना भीती वाटली. "भिंतीत डाग असला तर त्या घराला रोग असतो. दगड काढायचे, गावाबाहेर टाकायचे. बघा ना, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून इथे डाग आहेच. मला दिसत होता, मी लक्ष दिलं नाही. म्हणूनच ते गेले."

शास्त्रातल्या लेवीयांच्या पुस्तकातला तो नियम सरांना माहीत होता. जुन्या काळच्या घरांचा नियम, ओल धरलेल्या भिंतींचा. नवरा गेलेल्या बाईपुढे आईने तो वाचला असता?

कौसाबाई मात्र रागावली होती. "कोन म्हनतं द्वारकी आसं म्हनायची? माझा मालक गेला तवा ती याच दोऱ्याला धरून बसली व्हती, हिरव्या. माझ्याकडं बघून म्हनली, कौसे, डोळे मीट. आन काय वाचलं म्हाईत हाय? देव तुला आशीर्वाद दिवो, तुला राखो, त्याचं तोंड तुझ्यावर उजळो, तुला शांती दिवो. एवढंच. मला सगळं पाठ हाय. भिंतीचं काय बी नव्हतं त्यात."

"हिरवाच दोरा? नक्की?"

"आरं, माझ्याच लुगड्याचा व्हता त्यो. मी दिला व्हता तिला."

सरांनी रोहिणीच्या हातातली पहार काढून घेतली, तिला कौसाबाईच्या स्वाधीन केली आणि घरी येऊन पुस्तक उघडलं. हिरवा दोरा रोग लागलेल्या भिंतींच्या पानात होता. कौसाबाईने म्हटलेला आशीर्वाद तिथे नव्हताच. तो पुढे गणनेच्या पुस्तकात होता, कितीतरी पानं पलीकडे.

त्यांनी निष्ठाला फोन लावला, रोहिणीचं आणि कौसाबाईचं सगळं सांगितलं. "मला त्या पानाचा तुझा फोटो दाखव. तेलाचा."

पडद्यावर पान आलं, अंधारात निळसर. त्यावर बोटाची वाट फिकट पिवळी चमकत होती. सरांनी छत्तीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं होतं. शिकणाऱ्याचं बोट कसं चालतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अवघड शब्दाशी ते अडतं, ओळीच्या शेवटी थबकतं, चुकलं की मागे येतं. हे बोट कुठेच अडत नव्हतं. अध्यायाचा आकडा, तळटीप, दोन परिच्छेदांमधली कोरी जागा, सगळ्यावरून ते एका चालीने गेलेलं होतं. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं.

"मामा, काय झालं? बोला ना."

सरांनी पडद्यावरच्या त्या वाटेवरून बोट फिरवलं. "निष्ठा, तुझ्या आजीला वाचता येत नव्हतं."

सरांना एकदम एकोणीसशे नव्वद साल आठवलं. साक्षरतेची मोहीम. ते नवे शिक्षक, देवळाच्या ओट्यावर त्यांनी प्रौढांचा वर्ग चालवलेला. चाळीस बायाबापड्यांना त्यांनी अक्षर दिलं, कलेक्टरांकडून प्रशस्तिपत्रक घेतलं. त्या वर्गाला आई रोज चहा घेऊन यायची. दाराच्या चौकटीला टेकून फळ्याकडे बघत उभी राहायची. "ये की, बस," असं एकदा कुणी म्हणालं, तेव्हा ते स्वतःच हसून म्हणाले होते, "तिला कशाला? ती बायबलबाई आहे." आई रिकामे कप घेऊन गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि दिवा आपणच होतो, हे सरांना सत्तराव्या वर्षी कळत होतं.

"पण मग तिनं सांगितलेली वचनं?" निष्ठाने विचारलं. "कौसाआजीला पाठ आहे ते?"

"कॅसेटी लाव," सर म्हणाले. "तुम्ही त्या ऐकल्यात का?"

ऐकल्या नव्हत्या. यंत्राने त्यांचे उच्चारांएवढे तुकडे केले होते, आवाज उचलला होता आणि बाकी सोडून दिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. निष्ठाने आता त्या सलग लावल्या. पहिल्याच कॅसेटवर एका आजारी म्हाताऱ्यापुढे आई शास्त्र म्हणत होती, आणि त्यात उंट कुठेच नव्हते. मेंढपाळाचं स्तोत्र होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. कॅसेटवर पाळकांनी 'पांढरा दोरा' असं लिहून ठेवलं होतं. त्यांनी डोळे मिटलेले असणार, पान पाहिलेलं नसणार.

"पांढरा दोरा उंटांच्या यादीत आहे," निष्ठा म्हणाली. "स्तोत्र बरंच पुढे. हिरव्याचंही खरं वचन पुढेच. दरवेळी पुढेच का?"

आणि मग सरांना वाळवी आठवली.

ते नगरला डी.एड. करत होते तेव्हाची गोष्ट. आईच्या ट्रंकेला वाळवी लागली आणि जुनं शास्त्र गेलं. मिशनने नवं दिलं, मोठ्या टाइपाचं, जाडजूड. सुटीत घरी आले तेव्हा आई दोरे लावत होती. जुन्या पुस्तकाचा उरलेला गठ्ठा शेजारी. त्याच्या कडेवर ती आडवी बोटं ठेवी. दोन बोटं भरली की नव्याच्या कडेवर दोन बोटं मोजून दोरा घाली. "दे, मी लावतो," ते म्हणाले होते. "असू दे. तू तुझा अभ्यास कर," आई म्हणाली. तिची एक लकब, एवढंच त्यांना तेव्हा वाटलं होतं.

"जुनं पुस्तक चार बोटं जाड होतं," सर म्हणाले. "नवं पाच बोटं. मजकूर तोच. जुन्यातली दोन बोटं म्हणजे अर्धं शास्त्र. नव्यातली दोन बोटं म्हणजे—"

"दोन पंचमांश," निष्ठा म्हणाली. "प्रत्येक दोरा मागे पडला. मामा, थांबा." कळफलकाचा आवाज आला. तिने प्रत्येक दोऱ्याची जागा सव्वापट पुढे सरकवली. उंट गेले आणि तिथे मेंढपाळ आला. भिंतीचा डाग गेला, आशीर्वाद आला. कुळांच्या यादीच्या जागी उपदेशक नावाच्या पुस्तकातला तो अध्याय आला, प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असते तो. अकराच्या अकरा दोरे.

"ती चुकलीच नव्हती," निष्ठा रडवेली होऊन म्हणाली. "पुस्तक बदललं होतं. पण एवढं सगळं तिनं पाठ कुणाकडून केलं?"

तेव्हा सरांनाही ते माहीत नव्हतं. सातव्या कॅसेटवर कळलं.

ती कसल्याशा मयताची सभा होती. आई काळ्या दोऱ्याचं म्हणत होती, वेळांची यादी. जन्माची वेळ, मरणाची वेळ. पेरण्याची, उपटण्याची. रडण्याची, हसण्याची. मग दगड फेकून देण्याची वेळ, दगड गोळा करण्याची वेळ. आणि तिथून एकदम शेवटावर, युद्धाची आणि शांतीची. मधल्या सहा जोड्या नाहीत. निष्ठाला वाटलं, फीत खराब असेल. पण नवव्या कॅसेटवर तेच, आणि अकराव्यावरही. दरवेळी दगडांशी आई थांबत नव्हती, उडी मारत होती.

सर खुर्चीत मागे टेकले. लगोरीच्या दगडांचा आवाज त्यांच्या कानात आला. चौकात पोरं दगड रचतायत, आणि आत सात वर्षांचा शांतू वाचतोय. वाचता वाचता दगडांपाशी येतो. दगड म्हटलं की त्याला राहवत नाही. तो मधलं सगळं गाळतो, शेवटची ओळ घाईघाईने म्हणतो, पुस्तक मिटतो आणि पळतो. आई पिठाचे हात घेऊन दारापर्यंत येते. "झालं का रे सगळं?" "झालं!" तो गल्लीतून ओरडतो.

माझे हात पिठाचे आहेत, तू वाच. रोज पीठ. दिवाळीच्या सुटीतही पीठ. त्याने एकदाही विचारलं नव्हतं, की आई, शास्त्राची वेळ आणि तुझी भाकरीची वेळ रोज एकच कशी?

बत्तीस वर्षं गावोगाव ती ज्याचं वाचन घेऊन हिंडली तो पाळक नव्हता की पंडित नव्हता. तो तिचा पोरगा होता. त्याने वाचलं तेवढं तिने दिलं, आणि त्याने गाळलं ते तिला कधीच मिळालं नाही. सरांना स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता, आणि आईची इतकी आठवणही कधी आली नव्हती.

संध्याकाळी ते पाळकसाहेबांकडे गेले. दुशिंग माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकलं, चष्मा पुसला.

"सर, यंत्र दुरुस्त होतंय ना? मग झालं. बाकीचं सांगायची गरज काय? सभागृहाची पाटी रंगवून झालीय. 'शास्त्रवाचक द्वारकाबाई' असं लिहिलंय तिच्यावर. लोक काय म्हणतील? बत्तीस वर्षं बाईंनी आपल्याला फसवलं म्हणतील."

"आणि रोहिणी काय म्हणेल? तिनं नवऱ्याच्या हातची भिंत पाडलीय. तिला आतून वाटतंय की डाग दिसूनही आपण गप्प बसलो, म्हणून तो मेला. यंत्रात बिघाड होता एवढंच सांगितलं तर ती म्हणेल, बाई चुकत नाहीत, यंत्रच खरं. कारण बाई वाचत होत्या."

दुशिंगांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "नाव तुमच्या आईचं आहे," ते अखेर म्हणाले. "तुम्ही ठरवा."

सरांना घरी जाताना वाटलं, बोलू नये. आईने जे एवढं जपलं, पोटच्या पोरापासूनही जपलं, ते चव्हाट्यावर मांडायचा आपल्याला काय हक्क? रोहिणीला एकटीला सांगावं. पण मग दुसरी रोहिणी येईल. आणि आई असती तर? कुणाच्या घराचा एक दगड वाचवायला ती भर उन्हात दोन कोस गेली असती. स्वतःच्या नावाला तिने तेवढं कधी जपलं नव्हतं.

स्मृतिदिनाच्या सकाळी निष्ठा पुण्याहून आली. तिने दुरुस्त 'वाट' आणली होती, आणि एक भेट.

"मामा, त्या सहा जोड्या. आजीच्या आवाजात तयार केल्यात. ऐकाल? अगदी तिच्यासारख्या वाटतात. आता ती यादी पुरी होईल."

सरांनी डब्याकडे पाहिलं. मोह झाला, खोटं कशाला बोला. मग त्यांनी मान हलवली.

"पुसून टाक. ते तिनं कधी म्हटलं नाही. ते वाचायचं काम माझं होतं."

सभागृह भरलं होतं. कौसाबाई पहिल्या रांगेत, तिच्या शेजारी रोहिणी. सरांनी पुस्तक मेजावर ठेवलं नाही. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी ते मांडीवर घेतलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. दोरे, वाळवी, बोटांचं माप, पीठ. लगोरीसुद्धा. सांगताना त्यांनी काही लपवलं नाही. "रोहिणी," ते म्हणाले, "आईनं तुझ्यासाठी भिंतीचं पान काढलेलं नाही. तिनं आशीर्वादाचं काढलं होतं. पुस्तक जाड निघालं, म्हणून तुझ्यापर्यंत चुकीचं पोचलं. तुझ्या घरात रोग नाही. पावसाची ओल आहे ती."

रोहिणीने पदर तोंडाशी धरला. कितीतरी दिवसांनी ती रडत होती. मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी बाईंना वाचाया येत नव्हतं?"

कौसाबाई काठी टेकून उठली. "मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून. तिचं पुस्तक एकदा उलटं व्हतं मांडीवर. म्या डोळे मिटून घेतले." आणि ती खाली बसली.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यानंतर त्या पाटीवरचा पहिला शब्द बदलला गेला. आता तिथे 'बायबलबाई द्वारकाबाई' एवढंच आहे.

सरांनी काळा दोरा त्याच्या खऱ्या जागी घातला होता. तो धरून त्यांनी पान उघडलं.

"डोळे मिटा," ते म्हणाले, "मग वाचतो."

सगळ्यांनी डोळे मिटले. सरांनी वेळांची यादी सुरू केली, आणि दगडांपाशी आल्यावर ते थांबले. बाहेर मैदानात पोरं खेळत होती, त्यांचा ओरडा आत येत होता. मग त्यांनी पुढचं वाचलं, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. कवेत घेण्याची वेळ, आणि न घेण्याची. शोधण्याची वेळ, हरवू देण्याची वेळ. राखण्याची, टाकून देण्याची. फाडण्याची, शिवण्याची. गप्प राहण्याची वेळ, आणि बोलण्याची. प्रेमाची, द्वेषाची. एकही गाळलं नाही.

"झालं का रे सगळं?" कौसाबाईने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"झालं, मावशी," सर म्हणाले. पुस्तक त्यांनी मिटलं नाही. ते तसंच मांडीवर घेऊन बसून राहिले. आज त्यांना कुठेही पळायचं नव्हतं.